कॅराव्हॅनमधले सात दिवे

आमच्या कॅराव्हॅनमध्ये सात दिवे आहेत. छतात चार, अठरा वॉटचे. पलंगांच्या उशाशी दोन आणि गॅसच्या वर एक, असे तीन दहा वॉटचे. सगळे लावले की एकशे दोन वॉट होतात आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतून साडेआठ अँपियर करंट जातो. बॅटरी शंभर अँपियर-तासांची. तिच्यातली अर्धीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते, म्हणून पन्नास धरायचे. पन्नास भागिले साडेआठ म्हणजे सहा तासांनाही थोडे कमीच. त्यात पाण्याचा पंप धरलेला नाही.

हा हिशेब मी कॅराव्हॅन घेतली तेव्हाच करायला हवा होता. तो झाला दोन वर्षांनी. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पंप बंद पडला आणि बायको हातांना साबण लावून सिंकपाशी उभी राहिली. छतातले दिवे आधीच तांबूस झाले होते, पण ते हळूहळू होत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता हे हात मी कुठे धुऊ?" ती म्हणाली.

मी बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. आमची मुलगी, वय सतरा, मोबाइलचा उजेड धरून उभी होती. "आय टोल्ड यू, झल्लाकला बीच-रिसॉर्टमध्ये जाऊ या," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. त्या दिवशी दोन शब्द मराठीत आले म्हणजे ती खरोखर वैतागली होती.

बहरीनमध्ये मला बावीस वर्षं झाली. रिफाला एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि एका कंपनीच्या गोदामाचा साठा सांभाळतो. कॅराव्हॅन घेण्याची ऐपत आणि हौस यांपैकी माझ्याकडे पूर्वी काहीच नव्हतं. ऑफिसातल्या एका बहरिनी सहकाऱ्याने नवीन घेतली तेव्हा त्याची जुनी माझ्याकडे आली. हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतात आणि शुक्रवार-शनिवारची सुटी तिथेच घालवतात. त्याच्या कुटुंबाच्या तंबूंना लागून आमची कॅराव्हॅन उभी राहते. त्यांचा जनरेटर आहे आणि वायर टाकून घे असं तो दर वर्षी म्हणतो. मी घेत नाही. दुसऱ्याच्या जनरेटरवर आपण किती वापरतो हे कळत नाही, आणि जे मोजता येत नाही ते मला घशाखाली उतरत नाही.

तेव्हा एलईडी. अठरा वॉटच्या जागी तीन वॉटचा, दहाच्या जागी दोनचा. सगळे मिळून अठरा वॉट, म्हणजे दीड अँपियर. पन्नास भागिले दीड, तेहेतीस तास. एवढं गणित झाल्यावर दुसरा कोणी त्याच दिवशी सातही दिवे बदलून मोकळा झाला असता.

मी तसा नाही. बॅटरी चार्ज होत असताना व्होल्टेज चौदाच्या वर जातं आणि स्वस्तातला एलईडी त्याने जळू शकतो, हे पाहायचं होतं. जुन्या बल्बला तारा कशाही जोडल्या तरी चालतं, एलईडीला अधिक-उणे लागतं, तेही तपासायचं होतं. आणि बायकोने एक वेगळाच मुद्दा काढला. "आपल्या बाथरूमला लावलास तसला पांढरा नको. आरशात मी आजारी दिसते." जुन्या बल्बच्या बाजूने एवढंच म्हणता येत होतं की त्याचा उजेड जेवणाच्या ताटावर बरा पडतो. त्याच्या विरुद्ध म्हणायचं तर छतातल्या एका दिव्याचं प्लास्टिकचं झाकण आतून करपून तपकिरी झालं होतं.

म्हणून मी दोनच नमुने आणले, एक पिवळसर एलईडी आणि एक पांढरा, आणि ठरवलं की पुढच्या शुक्रवारी सगळ्यांची चाचणी घ्यायची.

सगळे म्हणजे चौघं. आम्ही तिघं आणि भाई.

भाई मूळचे रत्नागिरीकडचे. वय अठ्ठावन्न. रिफातच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एका बहरिनी कुटुंबाकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हर आहेत. मालकाच्या आईला दवाखान्यात नेणं, नातवंडांना शाळेत सोडणं आणि आणणं हे त्यांचं काम. माझी त्यांची ओळख किराणा दुकानाच्या रांगेत झाली. माझ्या हातात कोकमाचं शेवटचं पाकीट होतं आणि ते मागून म्हणाले होते, "अर्धं अर्धं करायचं काय वो?" तेव्हापासून शुक्रवारचं जेवण त्यांचं आमच्याकडे. हिवाळ्यात ते सखीरला. बायकोला ते वहिनी म्हणतात आणि मला, चिडवायचं असेल तेव्हा, स्टोअरसाहेब.

त्या शुक्रवारी आम्ही तिघं त्यांना घ्यायला गेलो आणि ते मागच्या सीटवर मुलीशेजारी बसले. हे त्या हंगामात नवीनच होतं. पूर्वी माझी गाडी असली तरी ते मला बाजूला व्हायला लावायचे. "तुमी चालवता म्हणजे साठा मोजता. सरका," असं म्हणत आणि रेसट्रॅकच्या बाजूचा लांबचा रस्ता घेऊन सखीरला न्यायचे, का तर तिथे गाड्यांचा सराव चाललेला ऐकू येतो. आता ते मागे बसून मुलीच्या हातात मोबाइल देत होते. "बेटा, माझ्या पोराचा मेसेज वाच. चष्मा ऱ्हायला रूमवर." मुलगी अडखळत वाचत होती आणि ते तिचे उच्चार सुधारत होते. मला वाटलं, बरं आहे, हिचं तेवढंच मराठी वाचन होतं.

सूर्य पाचच्या सुमारास मावळला. बायकोने तिळाचे लाडू करायला घेतले होते, आणि ती सवयीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागचं पान काढून कृती मोठ्याने वाचत होती. आमच्याकडे एक कॅलेंडर घरी आणि एक कॅराव्हॅनमध्ये असतं, कारण चतुर्थी कुठेही गाठू शकते असं तिचं म्हणणं आहे. लाडू झाले, चहा झाला, मी पडदे ओढून घेतले आणि चाचणी सुरू केली.

पद्धत साधी होती. घडीच्या टेबलावर मोजपट्टी चिकटवली. कॅलेंडरचं पान एका पुठ्ठ्याला लावलं. माणसाने टेबलाच्या या टोकाला हनुवटी ठरलेल्या जागी ठेवून बसायचं, मी पुठ्ठा तीस सेंटिमीटरपासून हळूहळू लांब सरकवायचा, त्याने वाचत राहायचं आणि अक्षर लागेनासं झालं की थांब म्हणायचं. एकदा जुन्या बल्बखाली, एकदा पिवळसर एलईडीखाली, एकदा पांढऱ्याखाली. पाठ झालेलं कोणी वाचू नये म्हणून दर दिव्याला मजकूर वेगळा: पहिल्याला लाडवांची कृती, दुसऱ्याला सर्दी-खोकल्यावरचे घरगुती उपाय, तिसऱ्याला राशिभविष्य.

"बाबा, धिस इज अ केबिन, नॉट अ लॅब," मुलगी म्हणाली, आणि तिन्ही वेळा टेबल संपेपर्यंत वाचत गेली. तिचा आकडा निरुपयोगी. मी रकान्यात 'टेबल संपलं' असं लिहिलं.

बायको चष्म्यासकट: बावन्न, अठ्ठावन्न, त्रेसष्ट. मी: एकोणपन्नास, पंचावन्न, एकसष्ट.

मग भाई बसले. खिशातून चष्मा निघाला, जो रूमवर राहिला होता. माझं त्याकडेही लक्ष गेलं नाही. मी पट्टीवर डोळा ठेवून पुठ्ठा सरकवत होतो.

"पांढरे तीळ दोन वाट्या," भाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "चिकीचा गूळ दीड वाटी, शेंगदाण्याचा कूट एक वाटी... बस. इथंच."

चाळीस.

दुसरा दिवा. "पांढरे तीळ दोन वाट्या..."

"अंकल, धिस वन इज खोकला," मुलगी हसून म्हणाली.

"खोकल्यावर तीळच चांगलं. चिकीचा गूळ दीड वाटी... बस."

चाळीस.

तिसरा, पांढरा. तो लागताच त्यांनी मान एकदम मागे घेतली आणि डोळे मिटून उघडले. "पांढरे तीळ," ते म्हणाले, आणि आता बायकोही हसायला लागली. "भाई, ते राशिभविष्य आहे."

"मग माझ्या राशीला तीळच लिवलंय, वहिनी. मला लाडवाशिवाय काय दिसतच नाय. बस, थांबवा स्टोअरसाहेब."

चाळीस. मीही हसलो आणि आकडा लिहिला.

त्यांचं मत मात्र त्यांनी गंभीरपणे सांगितलं. जुनेच ठेवा म्हणाले. पांढरा दिवा कोणीतरी तोंडावर मूठभर वाळू फेकावी तसा लागतो. "हल्ली सगळ्या गाड्यांना असले दिवे बसवलेत. समोरून आला की रस्ता खलास. दुनिया बिघडवली या दिव्यांनी." मग जुन्या दिव्याच्या झाकणाजवळ हात नेऊन म्हणाले, "आणि ह्याच्यावर हात शेकता येतात. तुमच्या एलईडीवर काय शेकणार?" सखीरची थंडी होती, त्यामुळे हा मुद्दा मी वहीत घेतला.

शनिवारी सकाळी घरी चहा घेताना मी ते सगळं नीट रकाने आखून दुसऱ्या पानावर उतरवायला बसलो. माझा तसा शिरस्ता आहे. कच्चं वेगळं, पक्कं वेगळं. भाईंच्या ओळीपाशी आलो आणि पेन थांबलं.

चाळीस, चाळीस, चाळीस.

गोदामात एक गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. तीन वेगळ्या रॅकची मोजणी तू सारखीच आणलीस तर मी तुला परत पाठवीन, कारण मोजलेले आकडे कधी असे नीट येत नाहीत. असे आकडे रॅकपर्यंत न गेलेल्या माणसाचे असतात.

भाई कागदापर्यंत गेलेच नव्हते. बायकोने मोठ्याने वाचलेली कृती त्यांच्या लक्षात राहिली होती. तेवढीच ते म्हणत होते आणि थांबायचं कुठे हे अंदाजाने ठरवत होते. एकदा हे दिसल्यावर बाकीचं आपोआप मागे ओळीने उभं राहिलं. मागच्या सीटवर बसणं. मुलीकडून मेसेज वाचून घेणं. मागच्या दोन महिन्यांत बहुतेक शुक्रवारी अंधार पडायच्या आत घरी परतायची घाई, 'मामाला औषध द्यायचंय' या कारणाने, जेव्हा मामाला, म्हणजे मालकाच्या आईला, औषध देणारी नर्स वेगळी आहे हे मला माहीत होतं. कोथिंबीर निवडताना त्यांच्या जुडीत गवत निघालं म्हणून बायकोने त्यांची केलेली थट्टा.

मी वही बायकोसमोर सरकवली. तिने ती ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काल हसलो आपण," ती म्हणाली.

"हो."

"आज शनिवार आहे. उद्या शाळा आहे."

इथला आठवडा रविवारी सुरू होतो. तेच मीही मोजत होतो. तीन मुलं, सकाळी पावणेसात, रिफातून निघून हायवेला, उगवता सूर्य समोर.

"पण त्यांची नोकरीच ती," मी म्हणालो. "डोळे नाहीत म्हटल्यावर ड्रायव्हरच्या व्हिसावर त्यांना कोण ठेवील? एकोणीस वर्षं झाली."

"म्हणून तू घरी बसणार आहेस का?"

मी घरी बसणार नव्हतो, पण चहाचा दुसरा कप मात्र घेतला. चूक कशी सांगायची हे मला येतं. रॅक, ओळ, फरक, सही. इथे सही कुठे घ्यायची हे समजत नव्हतं.

गेलो तेव्हा भाई मालकाच्या व्हिलाच्या फाटकाबाहेर सात सिटांची मोठी गाडी धूत होते. पुढची काच पुसत होते. पुसून लांब होऊन पाहत, पुन्हा पुसत. काच स्वच्छ होती. मी बाजूला उभा राहून पाहिलं, तिच्यावर एक डाग नव्हता.

"या स्टोअरसाहेब. दिव्यांचा निकाल काय?"

"तुमचे तीन आकडे सारखे आले, भाई."

"मग चांगलं हाय की. तिन्ही दिवे सारखे. जुनेच ठेवा."

"भाई, तुम्ही वाचत नव्हता."

त्यांनी फडका पिळला. भरपूर वेळ पिळला. मग तो गाडीच्या बॉनेटवर पसरून ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तुमी माझी परीक्षा घेतलीत."

"दिव्यांची घेतली. देवाशपथ दिव्यांचीच. मला आज सकाळी वहीत दिसलं."

"वहीत," ते म्हणाले. "बायकापोरांसमोर बसवलंत, पट्टी लावलीत, आणि वहीत दिसलं." आवाज चढला नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. "आता ती वही कुणाकुणाला दाखवणार?"

"तुमच्या वहिनीला दाखवली. आणखी कुणाला नाही."

"वहिनी काय बोलली?"

"उद्या शाळा आहे म्हणाली."

ते फाटकाच्या कट्ट्यावर बसले. मीही बसलो. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. डावा डोळा वर्षभर असा आहे. ऑगस्टमध्ये सकाळी एसी लावून निघालं की काचेला बाहेरून दमटपणा धरतो, पुढचं काही दिसत नाही आणि वायपर मारावा लागतो, अगदी तसं. "मला वाटलं काच खराब हाय. वर्षात तीनदा वायपर बदलले. साबण बदलला. मग एक दिवस मशिदीत बसलो होतो, समोर काच नाय काय नाय, तरी धुकं तसंच." उजवा अजून बरा होता. उजव्याच्या जोरावर ते गाडी चालवत होते. फक्त दिवसा, फक्त ओळखीच्या रस्त्याने, डाव्या बाजूच्या आरशात दोनदा बघून. "पोरांना काय होऊ दिलं नसतं मी," ते म्हणाले, आणि मग हेच वाक्य त्यांना स्वतःलाच पटलं नसावं, कारण ते मान खाली घालून नळीतून गळणारं पाणी बघत राहिले.

"मोतीबिंदू असेल. काढतात तो, भाई. अर्ध्या तासाचं काम आहे."

"माझ्या बापाचापन काढला होता. शिबिरात. पट्टी सोडली तर आत काय नव्हतं. मरेपर्यंत माझा खांदा धरून चालला तो. मशिदीत जायला खांदा, बाजारात खांदा." त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून दाखवला. "मी कुणाचा धरू? पोरगा तिकडं. हितं ड्रायव्हरला खांदा कोण देतो?"

मी म्हणालो, "सकाळी पोरांना मी सोडतो. एक आठवडा. ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवतो. पण आत सांगावं लागेल."

"तुमी सांगणार?"

"तुम्ही सांगा. मी उभा राहतो."

भाई उठले, फडका घेतला, काच पुन्हा एकदा पुसली आणि फाटक उघडलं.

ज्यांना भाई मामा म्हणतात त्या मालकाच्या आई. सत्तरीच्या पुढच्या, बैठकीच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसलेल्या. समोर खजुराची थाळी आणि कॉफीची किटली. भाईंशी त्या एकोणीस वर्षांत दोघांनी मिळून तयार केलेल्या हिंदीत बोलतात, जिच्यात 'नाही'ला 'मफी' म्हणतात. भाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. लांबण लावली नाही.

"कब से?" त्यांनी विचारलं.

"एक साल, मामा."

"एक साल." त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "बच्चे लोग पीछे बैठता. मैं पीछे बैठता. तुम मफी बोला."

मी दारापाशी उभा होतो आणि मला माझ्या चपलांकडे बघावंसं वाटत होतं. बाई रागावल्या होत्या, आणि त्यांचं रागावणं बरोबर होतं. आत येताना मला भीती वाटत होती ती हीच, की त्या बरोबर असतील.

"चाबी," त्या म्हणाल्या.

भाईंनी कमरेची किल्ली सोडवली. पट्ट्याच्या कडीत ती इतकी वर्षं होती की कडी सुटायला वेळ लागला. त्यांनी ती थाळीशेजारी ठेवली. मामांनी उचलली आणि अंगावरच्या काळ्या अबायाच्या खिशात टाकली. मग भाईंना म्हणाल्या, "बैठो." एकोणीस वर्षांत त्या खोलीत भाई पहिल्यांदाच बसत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"मेरा आँख किसने कराया?" मामा म्हणाल्या. "दो आँख. अस्पताल कौन लेके गया? तुम. बाहर कौन बैठा, चार घंटा, खाना नहीं खाया? तुम. मेरा आँख देखो." त्यांनी बोटाने स्वतःच्या डोळ्याखालची कातडी ओढून दाखवली. "तुम्हारा बाप का डॉक्टर खराब. ये डॉक्टर खराब मफी. आँख ठीक, चाबी वापस. इंशाल्ला."

म्हणजे बापाची गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती. दवाखान्याबाहेरच्या त्या चार तासांनंतर कधीतरी भाईंनीच सांगितली असणार.

मुलांना मला सोडावं लागलं नाही. त्यांचा काका न्यायला लागला. भाई त्याच्या शेजारी बसत आणि शाळेपर्यंत तो कसा चुकीचा चालवतो ते सांगत. आठवडाभराने काका मला दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, लवकर डोळा बरा होऊ दे यांचा, माझं डोकं उठलंय.

डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला. डावा पिकलेला, उजव्याची सुरुवात. डाव्याचं ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी झालं. दवाखान्याबाहेर मी बसलो, आणि बायकोने डब्यात घावणे दिले होते ते कुणी खाल्ले नाहीत. मामांनी तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा त्या माझ्यावरच ओरडल्या, जसं काही ऑपरेशन मी करत होतो.

या काळात दिव्यांचा निर्णय मी घेतला नाही. बायकोने एकदा विचारलं, तेहेतीस तास सोडून कशाला थांबलायस. मी म्हणालो, चौघांची चाचणी ठरली होती आणि एकाची मोजणी बाकी आहे. बॅटरी आम्ही एका वेळी दोनच दिवे लावून पुरवत होतो.

हंगामाचा शेवटचा शुक्रवार आला तेव्हा शेजारचे तंबू निम्मे उतरले होते. भाई काळा चष्मा लावून आले, अजूनही मागच्या सीटवर. गाडी चालवायची परवानगी डॉक्टरांनी दिलेली नव्हती. पुढच्या तपासणीत बघू म्हणाले होते, आणि उजवा डोळा ईदनंतर. किल्ली मामांच्या खिशातच होती. भाई समोरून गेले की त्या ती वाजवतात, असं त्यांनी सांगितलं. सांगताना हसले, पण चेहरा पुरता हसला नाही. परवानगी मिळेलच असं कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

अंधार पडल्यावर मी पांढरा दिवा लावला. भाईंनी काळा चष्मा काढला. या वेळी मान मागे गेली नाही. त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, उघडला, उजवा झाकला, उघडला. असं चार-पाच वेळा केलं.

"वहिनी, हिकडं या," ते म्हणाले. "ह्या डोळ्यानं बघितलं तर हा दिवा तुमच्या बाथरूमचा. आणि ह्या डोळ्यानं बघितलं तर जुना बल्ब." पुन्हा झाकून पाहिलं. "म्हणजे मी वर्षभर जुन्या बल्बमधीच होतो. मला वाटायचं तुमचं सगळं घर पिवळं हाय."

"आमच्या भिंती पांढऱ्याच आहेत, भाई," बायको म्हणाली.

"आता कळलं ना. मी तर म्हणणार होतो, रंग काढून घ्या."

मुलीने काही न सांगता टेबल उघडलं, पट्टी चिकटवली आणि कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान पुठ्ठ्याला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, नो वन रीड्स इट अलाउड बिफोर. ओके?" त्या दिवशी कुणीही ते पान मोठ्याने वाचलं नव्हतं, याची तिने आधीच काळजी घेतली होती.

भाईंनी हनुवटी ठरलेल्या जागी ठेवली. उजवा डोळा झाकला. डॉक्टरांनी दिलेला तात्पुरता चष्मा होता. मी जुन्या बल्बखाली पुठ्ठा तीसवर ठेवला. या वेळी मी पट्टीकडे बघत नव्हतो, ते काम मुलीकडे दिलं होतं.

"पा-ले-भा-ज्या," ते म्हणाले. पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत. "पालेभाज्या... निव... निवडताना देठ... हे काय, क्ष हाय काय? लक्ष. लक्षात ठेवावे." खणखणीतपणा अजिबात नव्हता. घाम आला होता. एका ओळीला इतका वेळ लागला की बायकोने गॅस बारीक केला. मी पुठ्ठा सरकवत गेलो आणि ते अडखळत, मागे येऊन, चुकून, पुन्हा लावून वाचत गेले. "बस. आता नाय लागत."

"फोर्टी-फोर," मुलगी म्हणाली.

पिवळसर एलईडीखाली एक्कावन्न. पांढऱ्याखाली सत्तावन्न.

मी वही उघडून पक्क्या रकान्यातली त्यांची ओळ काढली. तीन चाळीसांवर एकच आडवी रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी, आणि शेजारी नवे लिहिले. भाई चष्मा पुसत विचारत होते, "वेगळे आले?"

"तिन्ही वेगळे."

"मग बदला दिवे," ते म्हणाले. "पिवळेवाले. पांढऱ्यात वहिनी आजारी दिसते, ते खरं हाय, आज बघितलं मी. पण टेबलावरचा एक जुना ठेवा. उजव्याला अजून पांढरं सोसत नाय. आणि हात शेकायला."

सहा एलईडी पंधरा वॉट, एक जुना अठरा, एकूण तेहेतीस. पावणेतीन अँपियर. अठरा तास आणि वर थोडी मिनिटं. मी ते लिहून घेतलं आणि वहीत भाईंच्या ओळीसमोर त्यांना सही करायला सांगितलं. त्यांनी वही दिव्याखाली धरली, आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते स्वतः शोधलं, आणि त्याच्यासमोर सही केली.